लेकराच्या अंगावर खुणा दिसल्या तर केस पेपर कसा लिहायचा

बॉण्डवर (डॉक्टर झाल्यावरची सक्तीची सरकारी सेवा) असताना एका ग्रामीण रुग्णालयात नाईटला एक लेकरू आलं होतं, चारेक वर्षांचं, डाव्या मांडीवर भाजलेलं. सोबतची बाई म्हणाली चुलीजवळ खेळत होतं, पडलं. बाहेर लाईन लागलेली, मी पांढरी क्रीम लावली, पट्टी केली आणि पेपरवर लिहिलं, बर्न ओव्हर लेफ्ट थाय, हिस्टरी ऑफ फॉल, ड्रेसिंग डन, खाली सही. अडीच वर्षांनी समन्स आलं तेव्हा माझी बदली होऊन मी दुसऱ्याच जिल्ह्यात होते. सरकारी वकिलांनी विचारलं, मॅडम भाजल्याचा आकार कसा होता? मला चांगलं आठवत होतं की कडा सरळ होत्या आणि एका टोकाला ती खूण रुंद होत गेलेली, उलथनं तापवून टेकवलं तर जशी उठेल तशी. पण कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. मी तोंडी सांगायला गेले तर समोरच्या वकिलांचा प्रश्न तयारच, एवढं स्पष्ट दिसलं होतं तर तेव्हा का नाही लिहिलं? माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते लेकरू बाहेर बाकावर आजीजवळ बसलेलं होतं.

हे सगळं त्या दिवसामुळं लिहितेय. बीड, जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव कुठंही पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा ग्रामीण रुग्णालयात बसत असाल, मेडिकल ऑफिसर असाल, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असाल, सिस्टर असाल, तर असं, कोणीतरी मारल्याचा किंवा चटके दिल्याचा संशय यावा असं लेकरू तुमच्या टेबलासमोर कधी ना कधी येणारच, आणि त्या वेळचा पहिला कागद तुमचा असणार. पुढं मोठ्या रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटीला जाऊ दे नाहीतर अंबाजोगाईला, जखम सगळ्यात ताजी पाहिलेली तुम्हीच असता.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की कोणी केलं हे आपल्याला शोधायचंय. ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं. आपण काय पाहिलं, काय ऐकलं, किती वाजता, कोणासमोर, एवढं लिहायचं. हे एकदा पक्कं झालं की अर्धी भीती जाते, कारण बऱ्याच वेळा आपण लिहीत नाही ते याच भीतीनं की उगं कोणाचं नाव घेतलं तर गावात राहायचंय आपल्याला.

जखम धुण्याच्या आधी बघा. हे मी ओरडून सांगेन. क्रीम, बेटाडीन, पट्टी सगळं नंतर. जीवाला धोका असेल तर अर्थातच आधी उपचार, त्यात दुसरा विचार नको, पण स्टेबल लेकराला दोन मिनिटं नीट उजेडात बघायला काही होत नाही. फक्त दाखवलेली जागा बघू नका, हळूहळू एकेक भाग उघडून सगळं अंग बघा, कानाच्या मागं, मानेवर, पाठीवर, कुल्ल्यांवर, तळपायाला, तोंडात वरच्या ओठाच्या आतली पातळ घडी फाटलीय का ते पण. चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल तर थांबून विचार करायचा, आणि पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठंही काळंनिळं असेल तर जास्तच, कारण जे बाळ अजून पालथंही पडत नाही ते स्वतःला मार लावून घेणार कसं. पळणाऱ्या खेळणाऱ्या पोरांच्या नडगीला, गुडघ्याला, कपाळाला लागतंच, ते वेगळं.

आता लिहायचं कसं. 'मल्टिपल ब्रूजेस ओव्हर बॅक' असं लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच आहे. प्रत्येक जखमेला नंबर द्या आणि असं लिहा: "जखम क्र. २. डाव्या कानाच्या पाळीच्या मागे, ३ × १.५ सेंमी, जांभळट निळा वळ, कडा अस्पष्ट, थोडी सूज, हात लावल्यावर मूल मान झटकतं." जागा, बाजू, लांबी रुंदी, रंग, आकार, कडा, सूज, दुखणं. माप सेंटिमीटरमध्ये, अंदाजे लिंबाएवढा आवळ्याएवढा असं नको, टेबलावर पंधरा रुपयांची प्लॅस्टिकची पट्टी कायम ठेवा. मग छापील बॉडी डायग्राम असेल तर त्यावर तोच नंबर टाका, नसेल तर हातानं माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, चित्रकला कशी का असेना चालते. आकार कशासारखा वाटतो तेही लिहा, म्हणजे दोन समांतर रेषा आणि मध्ये मोकळी कातडी असेल तर तसंच लिहा, काठीचा किंवा वायरचा मार असा उठतो. गरम पाण्यानं भाजलेलं असेल तर शिंतोडे उडालेत का हातमोजा घातल्यासारखी सरळ रेघ आहे ते लिहा, आधण अंगावर सांडलं तर ते ओघळतं आणि खाली जाता जाता भाजणं कमी होत जातं, हात धरून बुडवला तर रेघ येते. पायाच्या घड्यांत, कुल्ल्यांच्या मध्ये कातडी वाचलीय का तेही.

वळाच्या रंगावरून 'दोन दिवस जुना', 'पाच दिवस जुना' असं ठामपणे लिहायचा मोह सगळ्यांना होतो, आपल्याला कॉलेजात तसा तक्ता पाठ करायला लावलेला असतो. करू नका. माणसामाणसात, जागेजागेत रंग इतका वेगळा बदलतो की त्यावरून नक्की वय काढता येत नाही आणि उलटतपासणीत तिथंच धरतात. रंग कोणता दिसला ते लिहा आणि थांबा.

'एनएडी' (नथिंग ॲबनॉर्मल डिटेक्टेड, काही आढळलं नाही) हे तीन अक्षरी लिहिणं पण बंद करा. काय काय तपासलं आणि तिथं काय दिसलं नाही ते लिहा, "पाठ, छाती, पोट, दोन्ही हात पाहिले, जखम नाही." तपासलंच नाही असं असेल तर तेही लिहा, "मूल खूप रडत असल्याने तोंडाच्या आत तपासता आलं नाही, सकाळी पुन्हा पाहणार." यात कमीपणा काहीच नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे. बिब्बा. पोट दुखतंय, खोकला जात नाही, नजर लागली म्हणून लेकराला बिब्बा लावतात आणि तो उतला की काळपट, फोडासारखे डाग उठतात, पोटावर ओळीनं असले तर नव्या डॉक्टरला ते सिगारेटचे चटके वाटू शकतात. उलटं पण होतं, चटका दिलेला असतो आणि सांगतात बिब्बा उतला. म्हणून दोन्ही लिहा, कोण म्हणालं बिब्बा लावला, कधी, कोणी लावला, कशासाठी, आणि तुम्हाला आकार कसा दिसतो. तसंच तान्ह्या बाळांच्या कमरेखाली निळसर जन्मखूण असते, ती दाबली तर दुखत नाही, सूज नसते आणि चार दिवसांनी तशीच असते. साधा पिकलेला खरजेसारखा फोड पण चटक्यासारखा दिसतो. प्लेटलेट कमी असल्या तर अंगभर वळ उठतात, म्हणून सीबीसी, प्लेटलेट, गोठण्याच्या टेस्ट पाठवल्या हे पेपरवर असू द्या. तुम्ही दुसरी कारणं पण तपासलीत हे कागदावर दिसलं की तुमचा पुढचा शब्द पक्का होतो, आणि एखादे निर्दोष मायबाप आळ येण्यापासूनही वाचतात. ते पण आपलंच काम आहे.

हकीकत लिहिताना कोण बोललं ते आधी. 'हिस्टरी ऑफ फॉल' यात पडलं हे कोण म्हणालं तेच कळत नाही. असं लिहा, "सोबत आलेली चुलती (स्वतःची ओळख अशी सांगते) म्हणते, काल सांजच्याला बाजेवरून पडलं." मग आई वेगळं सांगते का, आजी वेगळं सांगते का, ते ज्याच्या त्याच्या नावानं. उशीर का झाला हे विचारा आणि मिळालेलं उत्तर लिहा, पण लगेच निष्कर्ष काढू नका, गावाला एकच गाडी असते, पैसे नसतात, ऊसतोडीच्या फडावरून मुकादमाला विचारल्याशिवाय निघता येत नाही, ही कारणं खरी असतात.

लेकरू बोलतं असेल तर त्याला शक्य तितकं वेगळं, शांत जागी, सिस्टर सोबत ठेवून, मोकळा प्रश्न विचारा. "हे कसं झालं?" इतकाच. "काकानं मारलं का?" असं कधीच नाही, कारण त्या एका प्रश्नानं पुढची पूर्ण साक्ष पातळ होते. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही अवतरणात लिहा, लेकराच्या शब्दात, मराठीत, लमाणीत, दखनी हिंदीत जसं बोललं तसं. लेकरू जर म्हणालं "उलथनं लावलं, मी दूध सांडलं व्हतं" तर तसंच लिहा, त्याचं 'थर्मल इन्जुरी बाय हॉट ऑब्जेक्ट' करू नका. अवयवाला घरचा जो शब्द वापरला असेल तो तसाच ठेवायचा. आणि एकदाच विचारायचं, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग स्टाफ, मग चौकीतले साहेब असं पाच जणांनी पाच वेळा तेच वदवून घ्यायचं नाही. लेकराचा त्रास हे कारण पुरेसं आहेच, वर पाच ठिकाणी पाच वेगळे शब्द लिहिले जातात आणि मग विरोधी वकील त्यातला फरकच दाखवत बसतात.

वागणं लिहिताना 'फ्रायटन्ड', 'अबनॉर्मल' असले शिक्के नकोत. काय दिसलं ते लिहा, "वडील खोलीत आल्यावर मूल बोलायचं थांबलं, आजीचा पदर धरून ठेवला." हसत खेळत असेल तर तेही लिहा, त्यानं काही खोटं ठरत नाही, पोरं दुखतंय तरी खेळतात.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर आणखी काही गोष्टी. पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, १८ च्या आतलं कोणीही त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. कलम १९ प्रमाणं माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरवर तर आहेच, आणि कळवलं नाही तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरवरचा गुन्हा हायकोर्टानं रद्द केला होता, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला, तेव्हा हे कलम नुसतं पुस्तकात नाही. चांगल्या हेतूनं कळवलं तर मात्र तुमच्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

एफआयआर झालेली नाही, पोलिसांची यादी (तपासणी करा असं पत्र) आलेली नाही, म्हणून लेकराला परत पाठवायचं नाही. यादीशिवाय तपासणी करता येते आणि करायची, उपचार फुकट, सरकारी असो की खाजगी. कलम २७ प्रमाणं मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, मायबाप किंवा लेकराचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस सोबत हवं, ते नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी नेमलेली महिला. कोण हजर होतं त्यांची नावं लिहा. संमती १२ च्या आत असेल तर पालकांची, १२ च्या वर असेल तर लेकराची स्वतःची, आणि वेगवेगळ्या गोष्टींची वेगळी, तपासणीला हो, नमुन्यांना नाही, असं होऊ शकतं. नाही म्हणाले तर तो नकार लिहून सही अंगठा घ्या आणि उपचार करा, नकारामुळं उपचार थांबत नाहीत. पोलिसांना कळवणं मात्र मला टाळता येत नाही, हे त्यांना सुरुवातीलाच, बोलायला लागायच्या आधी, शांतपणे सांगून टाका. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

तपासणी कधी सुरू झाली आणि कधी संपली ती अचूक वेळ लिहायची, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १८४ मध्ये ती मागितलीय, प्रत्येक निष्कर्षाचं कारण पण मागितलंय, आणि रिपोर्ट सात दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्याकडं गेला पाहिजे. टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच चूक ठरवलीय आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय, तरी जुन्या छापील फॉर्मवर तो रकाना कुठंकुठं दिसतो, तो भरायचा नाही. 'हॅबिच्युएटेड' (संबंधांची सवय असलेली), 'हायमेन ओल्ड टॉर्न' (योनिपटल आधीच फाटलेलं) हे शब्द कागदावर येऊच द्यायचे नाहीत.

आणि जखम दिसली नाही म्हणून 'नो एव्हिडन्स ऑफ सेक्शुअल असॉल्ट' हे लिहू नका. अशा बहुतेक लेकरांच्या तपासणीत काहीच दिसत नाही, जखमा लवकर भरतात, आंघोळ झालेली असते, दिवस गेलेले असतात, किंवा जे झालं त्यात जखम होतच नाही. "तपासणीत जखम आढळली नाही, पण त्यावरून लैंगिक अत्याचार नाकारता येत नाही" असं लिहा आणि कारण पण लिहा. नमुने ९६ तासांच्या आत घ्यायचे, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं कोंबलं की बुरशी लागते आणि संभाजीनगरच्या लॅबला पोचेपर्यंत सगळं वाया. कपडे उतरवताना लेकराला कागदावर उभं करा, तो कागदही घडी घालून ठेवा. लाखेचं सील, त्यावरचा ठसा, किती पाकिटं, कोणाच्या ताब्यात, किती वाजता दिली. गर्भाची शक्यता, एचआयव्हीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करणं, हेपॅटायटिस बी, धनुर्वात, हे दिलं की नाही तेही त्याच कागदावर, कारण नमुन्यांच्या धावपळीत औषध राहून गेलेलं मी पाहिलंय.

आपल्याकडचा सगळ्यात अवघड पेपर एएनसी ओपीडीला (गरोदर बायांच्या तपासणीला) येतो. गळ्यात मंगळसूत्र, सासू सोबत, वय सांगतात १९, आणि बघताक्षणी कळतं की नाही. इथं सांगितलेलं वय आणि कागदावरचं वय वेगळं लिहा, कोणता कागद पाहिला ते पण, आधार की शाळेचा दाखला की जन्माचा. कायद्यानं आधी शाळेचा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. स्वतःच्या अंदाजानं १८ पूर्ण लिहून मोकळं होऊ नका. लग्न झालंय म्हणून पोक्सो लागत नाही हा समज २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उरलेला नाही. मला माहितीय की कळवलं तर ही पोरगी पुढच्या तपासणीला येणार नाही, कुठंतरी घरात बाळंतीण होईल ही भीती खरी आहे, मलाही ती दर वेळी वाटते. म्हणून त्याच पेपरवर तिचं एचबी, बीपी, पुढची तारीख, आशाताईचा फॉलोअप सगळं पूर्ण लिहा, तिचा उपचार केसच्या खाली दबू देऊ नका. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय, हे फार कमी जणांना माहीत असतं.

पोलिसांना कळवलं हे फोनवर सांगून भागत नाही. लेखी इंटिमेशन, दोन प्रती, आपल्या प्रतीवर ठाणे अंमलदाराची सही, शिक्का, तारीख, वेळ, आणि घेऊन जाणाऱ्या पोलिसाचा बक्कल नंबर. एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस केसचा) नंबर केस पेपरवर, एक्सरेच्या फॉर्मवर, नमुन्यांवर, सगळीकडं एकच. रात्री फोन केला असेल तर कोणाला, किती वाजता, ते पेपरवर. लेकराला घरी पाठवणं धोक्याचं वाटतंय तर ॲडमिट करून ठेवा आणि कारण लिहा, बाल कल्याण समिती जिल्ह्याला आहे, १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो, त्यांना कळवल्याचीही वेळ टाका.

फोटो काढायचे तर संमती घेऊन. आधी एमएलसी नंबरच्या चिठ्ठीचा फोटो, मग लांबून शरीराचा भाग कळेल असा, मग मधला, मग जवळून, मापाची पट्टी शेजारी धरून कॅमेरा सरळ ठेवून. रुग्णालयाचा कॅमेरा असेल तर तोच. स्वतःच्या मोबाईलवर काढावाच लागला तर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथं फोटो बारीक होतो आणि कुठं कुठं जातो ते कोणाच्या हातात राहत नाही, मूळ फाईल तशीच ठेवा, कारण कोर्टात द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. सीनियरचं मत पाहिजे म्हणून तालुक्याच्या ग्रुपवर फोटो टाकणारे लोक मी बघितलेत. लेकराची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि आपल्या गावांत चेहरा झाकला तरी झग्यावरून ओळखतात.

लिहिताना चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. नंतर काही आठवलं तर आजच्या तारखेनं 'पुरवणी नोंद' म्हणून खाली लिहा, वर घुसडू नका. सहीखाली नाव मोठ्या अक्षरात आणि रजिस्ट्रेशन नंबर, कारण बदली झाल्यावर नुसत्या सहीवरून कोणी सापडत नाही. इनडोअर पेपर किती वर्षं ठेवायचे हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण एमएलसीचे पेपर केस संपेपर्यंत ठेवायचे, वेगळ्या कपाटात, कुलपात, आणि चार्ज देताना यादी करून पुढच्या माणसाची सही घ्या.

मत शेवटी, वेगळ्या ओळीवर. "सांगितलेली हकीकत जखमेशी जुळते", किंवा "जुळत नाही, कारण", किंवा "आज ठरवता येत नाही". तिसरं लिहायला लाजू नका. दुसऱ्या दिवशी लेकराला परत बघा, खोल मार लागलेला असेल तर वळ एक-दोन दिवसांनी वर येतो, तो नव्यानं मोजून लिहा. दोन वर्षांच्या आतल्या लेकराचा पूर्ण हाडांचा एक्सरे लागतो आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा, बारीक फ्रॅक्चर भरायला लागल्यावरच दिसतात. आपल्याकडं ते होत नाही म्हणून रेफर करताना चिठ्ठीवर 'फॉर फर्दर मॅनेजमेंट' इतकंच लिहू नका, तुम्ही पट्टीच्या आधी काय पाहिलं, लेकरू काय बोललं, एमएलसी नंबर, पोलिसांना कधी कळवलं, काय नमुने घेतले, काय राहिलंय, हे सगळं लिहून एक प्रत स्वतःकडं ठेवा.

जुनं ओपीडी रजिस्टर पण चाळा. हेच लेकरू आधी आलं होतं का, लसीकरणाला सिस्टरनं काही बघितलं होतं का, अंगणवाडीत वजन कसं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं असेल तर दिवाळीनंतर ते कोणत्या कारखान्याच्या फडावर होतं, की आजीकडं, की हंगामी वसतिगृहात, ते विचारून लिहा, नाहीतर चार महिन्यांचं त्याचं आयुष्य कोणत्याच दवाखान्याच्या कागदावर नसतं. मागच्या वर्षी एका लेकराच्या हाताच्या फ्रॅक्चरबद्दल रजिस्टर चाळताना मला सहा महिन्यांपूर्वीची नोंद सापडली, एका सिस्टरनं स्वच्छ अक्षरात लिहिलेली, "उजव्या दंडावर चार गोल निळे डाग, एका ओळीत, प्रत्येकी अंदाजे १ सेंमी, विरुद्ध बाजूस एक. आई म्हणते माहीत नाही." तिला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. त्या ओळीची सत्यप्रत मी एमएलसीला जोडली, आणि तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत द्यायच्या आधी तिला फोन करून विचारलं, येशील का. ती म्हणाली, येते ना मॅडम, मला आठवतंय ते लेकरू.